सासवडचे वकील

यंदा बी.ए.च्या वर्गाला ‘कृष्णाकाठ’ शिकवीत होतो. मलकापुरात राहणाऱ्या मास्तराने कोयनेचा पूल ओलांडून कराडच्या मुलांना यशवंतराव चव्हाण शिकवायचे, म्हणजे घरच्याच माणसाची ओळख घरात करून देण्यासारखे आहे. मुलांनी प्रीतिसंगमावरची समाधी लहानपणापासून पाहिलेली असते. सहलीचे डबे तिथेच उघडलेले असतात. त्यामुळे वर्गात प्रश्न फारसे येत नाहीत. पण त्या दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. वडील कारखान्यात कामाला, स्वतः मलकापूरहून सायकलने येणारी. यशवंतराव तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे कसे ओढले गेले आणि युद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर कसे झाले, तो भाग आम्ही नुकताच वाचून संपविला होता.

“सर, यशवंतरावांनी रॉयना सोडलं. पण ज्यांनी नाही सोडलं, त्यांचं पुढं काय झालं?”

मी म्हणालो, “कोणी संपादक झाले, कोणी कोशकार झाले, बरेचसे विस्मरणात गेले.” आणि तास संपल्याची घंटा झाली. घंटेने मास्तरांची लाज किती वेळा राखली आहे, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही हे बरेच आहे. माझे उत्तर खोटे नव्हते. ह. रा. महाजनी ‘लोकसत्ते’चे संपादक झाले, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे अध्वर्यू झाले. पण ज्याचे नाव मी घ्यायला हवे होते ते मी घेतले नाही, आणि का घेतले नाही हे मला संध्याकाळी घरी येईपर्यंत कळलेही होते. ते नाव विठ्ठल महादेव तारकुंडे. आमच्या घरात त्या मंडळींची नावे घेण्याची पद्धत नव्हती.

आमचे आजोबा बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये कराडच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चात होते. पुढे 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, माणसे पडली. पुढच्या वर्षी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. या साऱ्या गोष्टी आम्ही रामायणासारख्या ऐकल्या. त्या रामायणात ‘रॉयवाले’ हा शब्द बिभीषणाच्या अर्थाने येई. फरक एवढाच की बिभीषणाला आजोबांनी क्षमा केली होती, रॉयवाल्यांना नाही. लढा चालू असताना हे लोक सरकारच्या युद्धाला मदत करा म्हणून सांगत होते, हे एकच वाक्य, आणि पुढे तंबाखूची चिमूट.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडे मागे जाणे भाग आहे. मानवेंद्रनाथ रॉय हे बंगालचे. मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. लेनिनबरोबर वाद घालण्याची छाती असलेला हा माणूस 1930 साली गुपचूप हिंदुस्थानात परतला, पुढच्या वर्षी मुंबईत पकडला गेला आणि 1936 च्या नोव्हेंबरात सुटला. सुटल्यावर महाराष्ट्रातली अनेक बुद्धिमान तरुण मंडळी त्यांच्याभोवती जमली. केवळ स्वराज्य नव्हे, स्वराज्यात शेतकऱ्याचे आणि मजुराचे काय होणार, हे विचारणारा माणूस त्यांना हवा होता. देवराष्ट्र्याचे यशवंतराव त्यांत होते आणि सासवडचे तारकुंडेही होते. 1939 साली युद्ध सुरू झाले आणि वाटा फुटल्या. रॉय यांचे म्हणणे असे की हे युद्ध फॅसिझमविरुद्धचे आहे. हिटलर जिंकला तर कुणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही, तेव्हा आधी त्याचा पराभव. काँग्रेसचे म्हणणे, गुलामांनी कुणाच्या स्वातंत्र्यासाठी लढायचे? यशवंतराव आपल्या माणसांबरोबर राहिले, भूमिगत झाले, तुरुंगात गेले. तारकुंडे रॉय यांच्याबरोबर राहिले.

तारकुंड्यांचा जन्म 3 जुलै 1909 चा. वडील सासवडला वकील आणि सुधारक मतांचे. पोरगा शाळेत हुशार. किती, तर 1925 साली मॅट्रिकला साऱ्या मुंबई इलाख्यात पहिला. त्या काळी इलाख्यात गुजरात आले, सिंध आले, कर्नाटकाचा तुकडा आला. तेव्हा हा पहिला नंबर म्हणजे चेष्टा नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाची पदवी घेतली, विलायतेला गेले ते आय.सी.एस. होण्यासाठी, आणि परत आले ते बॅरिस्टर होऊन. सरकारी अंमलदार व्हायला निघालेला मुलगा सरकारशी भांडण्याची विद्या घेऊन आला, यात त्या सासवडकर वडिलांना आनंद झाला की वाईट वाटले, कुणास ठाऊक. 1933 च्या सुमारास त्यांनी पुण्यात वकिली सुरू केली. समाजवादी पक्षाचे काम, खेड्यांतून फिरणे, आणि उरलेल्या वेळात कोर्ट. 1942 साली तर तीही वकिली सोडून ते पूर्णवेळ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कामाला लागले. 1944 मध्ये पक्षाचे सरचिटणीस झाले आणि दिल्लीला गेले.

म्हणजे आमचे आजोबा डोंगरात लपत होते त्याच वर्षी हे गृहस्थ दिल्लीत उजळ माथ्याने पक्ष चालवीत होते. मी हे झाकून ठेवणार नाही, कारण ते झाकले तर या माणसाच्या पुढच्या आयुष्याची किंमतही नीट कळणार नाही. या पक्षाची मजूर संघटना म्हणजे इंडियन फेडरेशन ऑफ लेबर. स्थापना 1941 ची. कामगारांत युद्धप्रयत्नांचा प्रचार करण्यासाठी या संघटनेला सरकारकडून दरमहा 13,000 रुपये मिळत, आणि ही गोष्ट उघड झाल्यावर जी नाचक्की झाली ती त्या मंडळींच्या कपाळावरून कधी पुसली गेली नाही. मला विचाराल तर ती पुसली जाऊ नये. फॅसिझमविषयी त्यांचे निदान बरोबर होते. युरोपातल्या छळछावण्यांची हकीकत बाहेर आली तेव्हा जगाने ते मान्यच केले. पण आपल्याच गावातला शेतकरी त्या ऑगस्टमध्ये का पेटला हे त्यांना उमजले नाही, आणि ज्या सरकारने त्याच्यावर गोळ्या झाडल्या त्या सरकारचा पैसा मजुरांच्या संघटनेने घेणे हे कोणत्याही तत्त्वज्ञानाने धुऊन निघत नाही. इथपर्यंत मी आजोबांच्या बाजूचा.

पण आजोबांना जे माहीत नव्हते, किंवा माहीत असून सांगायचे नव्हते, तेही लिहिले पाहिजे. त्याच मजूर संघटनेच्या समितीने युद्धानंतरच्या हिंदुस्थानासाठी एक योजना तयार केली. ‘पीपल्स प्लॅन’, म्हणजे लोकांची योजना. तिचे तीन लेखक: बॅनर्जी, परीख आणि आपले तारकुंडे. टाटा-बिर्लादी उद्योगपतींनी त्याच सुमारास आपली ‘बाँबे प्लॅन’ पुढे केली होती; पंधरा वर्षे आणि 10,000 कोटी रुपये. लोकांच्या योजनेने हिशेब धरला दहा वर्षांचा आणि 15,000 कोटींचा. आकड्यांपेक्षा रोख महत्त्वाचा. उद्योगपती म्हणत होते, आधी मोठे कारखाने. हे तिघे म्हणत होते, आधी शेती, आधी अन्न, वस्त्र, घर, दवाखाना आणि शाळा. कारण कारखान्यातला माल घ्यायला गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा लागतो आणि आपला गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी आणि मजूर. शेतकी महाविद्यालयातली ती पदवी इथे कामी आली असावी, असे मला उगीचच वाटते. ती योजना कागदावरच राहिली. पण वकिलाच्या डोक्यात मजूर म्हणजे नुसता पक्षकार नव्हता, तर देशाच्या जमाखर्चाच्या वहीतले पहिले नाव होते, एवढे तिच्यावरून दिसते.

1948 साली रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी आपला पक्षच विसर्जित केला. सत्तेच्या मागे लागलेला पक्ष माणसाला मोकळे करू शकत नाही, असे त्यांचे मत झाले. (पक्ष फुटतात, विकले जातात, बुडतात, पण विचारपूर्वक बरखास्त झालेला पक्ष निदान मला दुसरा आठवत नाही.) त्यांची मजूर संघटनाही त्याच वर्षअखेर हिंद मजदूर सभेत मिळाली. तारकुंडे मुंबईला आले आणि चाळिशीला टेकले असताना त्यांनी पुन्हा काळा डगला चढविला. वकिली चांगली चालली. 1957 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. एकाच गुरूचे दोन जुने शिष्य, एक सचिवालयात आणि दुसरा त्याच मुंबईत न्यायासनावर.

न्यायमूर्तींच्या बारा वर्षांविषयी मी फार लिहीत नाही. निकालपत्रांचा गोडवा कायदेपंडितांनीच सांगावा. मात्र त्याच वर्षांत त्याच न्यायालयात चाललेला एक खटला मराठीच्या मास्तराला टाळून पुढे जाता येणार नाही. तो तारकुंड्यांचा खटला नव्हे. पण ज्या हवेत त्यांची पुढची वकिली वाढली त्या हवेचा आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कामगार पुढारी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. खटला नाही, आरोपपत्र नाही, नुसती कोठडी. या गृहस्थांनी कोठडीत बसून काय केले, तर पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या, असा अर्ज केला. सरकारने नाही म्हटले. अणूचे अंतरंग मराठी वाचकाला कळले तर राज्याच्या सुरक्षिततेला कोणता धोका होता, हे सरकारलाच माहीत! मुंबईच्या उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर जाऊ द्या म्हणून सांगितले, सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1965 मध्ये तिथेही हरले. माणूस स्थानबद्ध केला म्हणून त्याचे सारेच हक्क कोठडीच्या दाराशी काढून ठेवता येत नाहीत; कायद्याने जेवढे काढून घेतले तेवढेच गेले, बाकीचे त्याचे त्याच्याजवळ. हा मुद्दा एका मराठी शास्त्रीय पुस्तकामुळे ठरला, याचा मला आमच्या भाषेच्या वतीने थोडा गर्व आहे.

1969 मध्ये तारकुंड्यांनी न्यायमूर्तिपद सोडले. साठीचे वय. लोक या वयात नातवंडांना फिरायला नेतात. हे दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. मग 1974 साली जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संस्था काढली. निवडणुकांतला पैसा आणि गैरप्रकार यांवर उपाय सुचविण्यासाठी जयप्रकाशांनी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशींत एक होती: मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणा. ते प्रत्यक्षात आले 1989 साली. आज माझ्या वर्गात पहिल्या वर्षाला बसणारी मुले शाई लावलेले बोट दाखवीत येतात, त्यांतल्या एकालाही हे नाव ठाऊक नसते. आणि मास्तरही सांगत नाही.

आता पंच्याहत्तर साल. 25 जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. जयप्रकाश, मोरारजी पहाटेपर्यंत अटकेत. दोनच दिवसांत राष्ट्रपतींचा आदेश निघाला की जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कासाठी कुणालाही न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. वर्तमानपत्रांना नियंत्रकाची कात्री. अशा वेळी वकिलाचे काय काम उरते? कायद्याचे पुस्तकच कुलपात गेल्यावर वकिलाने काय वाचून दाखवायचे?

तारकुंड्यांनी जे केले ते फार साधे होते. ते कोर्टात गेले. पत्रकार कुलदीप नय्यर यांना जुलैत पकडले; त्यांच्या पत्नींनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला आणि तारकुंडे व सोली सोराबजी त्यांच्यासाठी उभे राहिले. न्यायमूर्ती रंगराजन आणि अग्रवाल निकाल विरुद्ध देणार असा वास येताच सरकारने नय्यरना आपण होऊन सोडले, म्हणजे निकालाची गरजच राहू नये. दोघा न्यायमूर्तींनी तरीही निकाल दिला. त्याचे बक्षीस असे की एकाची बदली गुवाहाटीला झाली आणि दुसऱ्याला पुन्हा सत्र न्यायाधीश करून पाठविण्यात आले.

मग देशभरातील स्थानबद्धांचे अर्ज एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयात आले. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते की आणीबाणी असली तरी अटक कायदेशीर आहे की नाही एवढे आम्ही तपासू शकतो. सरकारला तेवढेही नको होते. पाच न्यायमूर्तींपुढे स्थानबद्धांच्या बाजूने जे वकील उभे होते त्यांत शांतिभूषण, राम जेठमलानी, सोराबजी आणि आपले सासवडकर. या सुनावणीतली एक गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. न्यायमूर्ती खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलीस अंमलदाराने वैरापोटी कुणाला ठारच मारले, तरी दाद नाही? उत्तर आले की आणीबाणी आहे तोवर नाही. 28 एप्रिल 1976 रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरकारची बाजू खरी ठरली; एकटे खन्ना वेगळे राहिले, आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. तारकुंडे हरले. तो निकाल चूक होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ शब्दांत म्हटले ते 2017 साली, नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे. तोवर तारकुंड्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

वाचकहो, कोणाचे अर्ज होते ते? जनसंघाचे होते, संघाचे होते, समाजवादी होते, मार्क्सवादी होते. तारकुंडे देव न मानणारे, धर्माच्या राजकारणाचे उघड विरोधक. आत बसलेल्यांपैकी कितीजणांनी तीस वर्षांपूर्वी त्यांना देशद्रोही म्हटले असेल! वकिलाने पक्षकाराचे मत विचारायचे नसते, असे आपण सहज म्हणतो. पण पक्षकार तुमचा तिरस्कार करीत असेल, आणि त्याच्यासाठी उभे राहिल्यास तुम्हीच उद्या त्याच्या शेजारच्या कोठडीत जाल अशी भीती असेल, तेव्हा ते वाक्य बोलायला जड जाते.

आणि यशवंतराव? ते त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत त्यांनी उघडपणे विरोध केला नाही. कराडात बसून हे लिहिताना हात जरा थांबतो. या माणसाने महाराष्ट्राला काय दिले हे मला कुणी सांगायला नको. मी ज्या विश्वकोशातून टिपणे काढतो त्याची मुळेही त्यांच्याच कारकिर्दीत आहेत. बेचाळीस साली त्यांनी जे ओळखले ते तारकुंड्यांना ओळखता आले नाही. पंच्याहत्तर साली मात्र उलटे झाले. मला कधी कधी वाटते की आपल्या माणसांबरोबर राहण्याची जी ओढ बेचाळीसला यशवंतरावांची शक्ती होती, तीच पंच्याहत्तरला त्यांच्या पायातली बेडी झाली. आणि ज्याने एकदा साऱ्या देशाच्या शिव्या खाऊन एकटे राहण्याची सवय लावून घेतली होती, त्याला दुसऱ्यांदा एकटे राहणे तितकेसे अवघड गेले नसावे. हे माझे मत. कराडातली मंडळी रागावणार असतील तर घर पुलापलीकडे मलकापुरातच आहे, चहाला यावे.

आणीबाणी चालू असतानाच, 1976 च्या ऑक्टोबरात, दिल्लीत नागरी स्वातंत्र्यासाठी लोकसंघटना स्थापन झाली, पी.यू.सी.एल. म्हणून आज ती ओळखली जाते. अध्यक्ष तारकुंडे. 1977 साली सरकार बदलले, मित्रमंडळी सत्तेवर आली. हे आंध्रात गेले. तिथे नक्षलवादी म्हणून पकडलेली पोरे ‘चकमकीत’ मेली असे पोलीस सांगत होते. तारकुंड्यांच्या समितीने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या आणि या चकमकी खऱ्या नव्हत्या, असे लिहून दिले. हिंसेच्या मार्गावर त्यांचा विश्वास मुळीच नव्हता. पण पकडलेल्या माणसाला झाडाशी बांधून मारायचे की न्यायाधीशापुढे उभे करायचे, या प्रश्नात त्या माणसाच्या मार्गाचा संबंध येतोच कुठे? पुढे 1985 मध्ये पंजाबातल्या अत्याचारांवर त्यांच्या संस्थेने अहवाल काढला, तो सरकारने जप्त केला. दर वेळी सरकार निराळे, पक्षकार निराळा, आणि हे तेच. 1998 साली पद्मभूषण मिळाले. 22 मार्च 2004 रोजी दिल्लीत गेले. चौऱ्याण्णव वर्षांचे होते.

एक खटला मी मुद्दाम मागे ठेवला आहे. त्या मुलीला वर्गात सांगितला तोही हाच.

1981 च्या पावसाळ्यात, ऐन जुलैत, मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हुसकून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवून द्यायचे असा मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने निर्णय केला. झोपड्या मोडल्या, माणसे एस.टी.त बसविली. एकाला तर थेट तमिळनाडूत सेलमला पोचविले. गावाकडे काम नाही म्हणून तो परत आला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले. त्यांतल्या एका गटातले अर्जदार विलेपार्ल्याजवळच्या कामराजनगरचे आणि माहीमच्या तुळशी पाइप रोडवरचे. त्यांच्या बरोबर पी.यू.सी.एल.ही. वकिलांत जेठमलानी आणि तारकुंडे.

हे कामराजनगर कसे वसले ते ऐका. 1960 च्या सुमारास पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेने पाण्याचे मोठे नळ टाकण्याचे काम चालले होते. ते करणाऱ्या कंपनीच्या मजुरांनी कामाच्या जागेजवळ झोपड्या घातल्या. काम संपले, कंपनी गेली, झोपड्या राहिल्या. वीस वर्षांत पाचशेंवर गेल्या. राहणारे कोण? पालिकेचे नोकर, कारखान्यातले, हॉटेलातले, बांधकामावरचे. शहराचे पाणी ज्यांनी आणले त्यांचा पत्ता शहराच्या वहीत अतिक्रमण म्हणून लिहिलेला. आमचे मलकापूर चोवीस तास नळाचे पाणी देणारे गाव म्हणून नावाजले. नळ सोडला की पाणी येते. पण ते पाइप चरात उतरविणारी माणसे कोणत्या मुलखातून आली होती आणि काम संपल्यावर कुठे गेली, हे मला आजही सांगता येत नाही.

वकिलांचा मुद्दा असा होता: राज्यघटना जगण्याचा हक्क देते. माणूस जगतो रोजगारावर. रोजगार जिथे आहे तिथून त्याला उचलून लांब टाकले, तर त्याचा गळा न दाबताही त्याचे जगणे काढून घेतले जाते. ज्या सरन्यायाधीशांपुढे हे मांडले गेले ते पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. 1976 च्या त्या चार न्यायमूर्तींपैकी हे एक! त्यांच्यापुढे नऊ वर्षांपूर्वी हरलेला वकील त्यांच्याचपुढे पुन्हा उभा होता, जीविताच्या त्याच कलमावर. 10 जुलै 1985 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. हातगाडीवाल्यापासून हंगामी कामगारापर्यंत कितीतरी जणांच्या खटल्यांत हे वाक्य पुढे उभे राहिले.

वर्गात इथपर्यंत आल्यावर मुलांनी बाके वाजविली. ती मुलगी मात्र तशीच उभी होती.

“सर, मग कामराजनगर राहिलं?”

राहू द्यावे असा निकाल नव्हताच. पदपथावर किंवा सार्वजनिक जागेवर राहण्याचा हक्क कुणाला नाही, आधी नोटीस द्या, म्हणणे ऐकून घ्या आणि मग हलवा, असे न्यायालयाने सांगितले होते. जुन्या वस्त्यांना आणि जनगणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा देण्याच्या सरकारच्या आश्वासनांची आठवण दिली होती. आणि पावसात कुणाला काढू नये म्हणून पावसाळा संपल्यावर एक महिना, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, झोपड्यांना हात लावायचा नाही असे बजावले होते.

तिने वहीत ती तारीख लिहून घेतली. मग खाली वाकून मोबाईलवर काहीतरी पाहिले आणि म्हणाली, “त्या वर्षी लक्ष्मीपूजन बारा नोव्हेंबरला होतं, सर.”